पुढच्या रांगेच्या शिल्पकारास

प्रति,
मा. सांस्कृतिक समितीप्रमुख,
आमच्या आणि शेजारपाजारच्या बहुतेक सर्व महाविद्यालयांत आढळणारे.

विषय : आपण अखंड चालवलेल्या रंगसेवेबद्दल आभार मानण्याबाबत.
संदर्भ : स्वागतासाठी मुली निवडताना आपण केलेला विनोद.

सर,

आपल्या कामाचं जाहीर कौतुक आजवर कुणी केलं नाही, याची मला फार खंत आहे. प्राचार्य बदलले, वार्षिक परीक्षा जाऊन सत्रं आली, नवं शैक्षणिक धोरण आलं. पण पाहुणे गाडीतून उतरले की त्यांना पहिला चेहरा गोरा दिसला पाहिजे, हे आपलं धोरण कुणाला हलवता आलं नाही. मानांकन ठरवणारी नॅकची समिती येणार म्हटलं की आमच्या विभागात फायलींची शोधाशोध सुरू होते आणि आपल्याकडे मुलींची. नऊवारी, नथ, फेटा, हातात औक्षणाचं तबक, अशा मुली फाटकापाशी दोन ओळींत उभ्या राहतात. मानांकनाला उपयोगी पडेल असं त्यांच्यात काय साम्य असतं, ते मी शोधून पाहिलं. एक कॉमर्सची, एक मायक्रोबायोलॉजीची, एकीला चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत, एकीला एनसीसीमुळे निदान ताठ उभं राहता येतं. उंचीही सारखी नाही. सारखं आहे ते एकच, आणि ते आपण कधी उच्चारत नाही. आपण फक्त म्हणता, "तू पुढे ये. तू जरा मागे. आणि तू असं कर, रजिस्ट्रेशनच्या टेबलाला बस, तुझं मॅनेजमेंट चांगलं आहे."

आपल्या कारकिर्दीत महाविद्यालयातल्या यच्चयावत सावळ्या मुलींचं मॅनेजमेंट चांगलं निघालं, याची नोंद विद्यापीठाने घ्यायला हरकत नाही.

आषाढीच्या दिंडीचा आपला निर्णय तर विसरणं शक्यच नाही. विठोबा काळा, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक. कमरेवर हात ठेवून उभा राहायला एक मुलगा हवा होता. दुसऱ्या वर्षाचा एक जण आपण होऊन पुढे आला. उंच, सावळा, नुसता उभा राहिला तरी देवळातला वाटावा असा. आपण त्याच्या हातात टाळ दिलेत आणि विठोबासाठी एक गोरापान मुलगा निवडलात. मग त्याला काळा रंग लावायला रंगभूषाकार बोलावलात. आपल्याकडे एरवी तोंडाला काळं फासतात ते निषेध म्हणून. आपण ते भक्तिभावाने फासलंत. देव काळा चालेल पण देव होणारा नको, इतका बारीक विचार एकाही संताला सुचला नव्हता.

आपला विनोदही तितकाच निर्मळ. सभागृहातले दिवे गेले की "हस रे जरा, म्हणजे कुठे आहेस ते कळेल" हे वाक्य कुणाच्या तरी नावाने येणार, हे आता पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पाठ झालंय. आणि पिवळा कुर्ता घालून आलेल्या मुलीला "हा रंग तुला नको गं, बेटा" हे तर आपण बापाच्या मायेनं सांगता. बेटा म्हटलं की काहीही पवित्र होतं. मला मुख्यतः या मायेबद्दलच लिहायचं आहे.

मी मानसशास्त्र शिकवते आणि आठवड्यातून दोन दुपारी समुपदेशन कक्षात बसते, हे आपल्याला माहीत असेल. जिन्याखालची ती खोली. पूर्वी तिथे क्रिकेटची किट ठेवायचे. तिथे कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगणार नाही. आपण मात्र व्हरांड्यात, माइकवर आणि विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलता, त्यामुळे आपल्या बाबतीत गोपनीयतेची अडचण येत नाही.

एवढं सांगायला हरकत नाही, कारण ते या विषयाच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल : "माझा रंग काळा आहे, म्हणून आले" असं म्हणत कुणी समुपदेशकाकडे येत नाही. येतात ते झोप लागत नाही म्हणून. सेमिनारच्या दिवशी नेमकं पोट बिघडतं म्हणून. प्रात्यक्षिकं का बुडतात, हे स्वतःलाच कळत नाही म्हणून. मेसमधली गर्दी ओसरल्यावर जेवायला जायचं, वर्गाच्या फोटोच्या दिवशी गावी जायचं, ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवायचा, ही सगळी टाळाटाळ आधी जमते आणि कारण फार नंतर सापडतं. तोवर घरच्यांनी "आळशी झालीय" आणि आपण "इंटरेस्ट नाही तिला" असं निदान करून टाकलेलं असतं.

अमेरिकेतले डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचा विषय रोजचा भेदभाव. प्रश्न आपल्याला हसू येईल इतके किरकोळ आहेत. लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी सौजन्यानं वागतात का? हॉटेलात, दुकानात तुमच्याकडे कमी लक्ष देतात का? तुम्हाला फारसं समजत नाही, असं धरून चालतात का? आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं द्यायचं नाही, किती वेळा ते सांगायचं : जवळजवळ रोज, आठवड्यातून एकदा, महिन्यातून काही वेळा. अशा मोजमापावर त्यानंतर देशोदेशी खूप काम झालं आणि पुन्हा पुन्हा एकच दिसत गेलं, की असले प्रसंग ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांच्यात नैराश्य आणि चिंताही जास्त. एका मोठ्या अपमानातून माणूस सावरतो, निदान लोक त्याच्या बाजूने बोलतात. रोजच्या छोट्या अपमानात मात्र डोक्यात एक रखवालदार नेमावा लागतो. तो दिवसभर जागा असतो. हे हसले ते मला का? मागे बसवलं ते उंचीमुळे की कशामुळे? तो "बेटा" खरा होता का? त्याला सुट्टी नाही आणि परीक्षेच्या काळातही तो उठत नाही. आपल्या तासाला जी मुलगी शून्यात बघते असं आपल्याला वाटतं, ती बहुधा त्याच्याशी बोलत असते.

आता मायेकडे येते. आपण त्या मुलीला शिवी दिली असती, तर तिला राग आला असता. राग बाहेर जातो, मैत्रिणीला सांगता येतो, अर्जात लिहिता येतो. आपण सल्ला दिलात. काळजीपोटी दिलेल्या सल्ल्यावर रागावणारी मुलगी उद्धट ठरते, म्हणून तिला तो घ्यावा लागला. आणि सल्ला एकदा घेतला की चूक तिचीच होते. दुरुस्तीही मग तिनेच करायची, पैसेही तिनेच घालायचे. इतक्या स्वस्तात एवढा मोठा बोजा दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचं कसब आपल्याला कुठल्या रिफ्रेशर कोर्सला शिकवलं?

मुलांचं बरं असतं, असं आपण स्टाफरूममध्ये नेहमी म्हणता. मुलगा काळा असला तरी कुठे बिघडतं! हो, त्यांचं बरं असतं. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात त्यांना 'डांबर', 'कोळसा', 'नाइट मोड' अशी नावं मिळतात. नाव ठेवल्यावर सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं स्वतःच हसायचं असतं, नाहीतर "याला मस्करी कळत नाही". पुढची तीन वर्षं तो मुलगा ते हसू सांभाळतो. मैत्रीची फी म्हणून. यातले किती जण समुपदेशन कक्षाच्या दारापर्यंत येऊन नोटीस बोर्ड वाचल्यासारखं करून परत जातात, ते मला आतून दिसतं. त्यांच्यासाठी बाजाराने २००५ साली पुरुषांची वेगळी गोरेपणाची क्रीम आणली. समानता कुठून येईल, सांगता येत नाही.

रंग आणि जात यांचा आपण जो हिशेब मांडता, तो तर खास आपला. आडनाव ऐकण्याआधी चेहरा बघून आपण एक आडनाव मनात धरलेलं असतं आणि ते जुळलं नाही की आपली पंचाईत होते. शिष्यवृत्तीची फाइल घेऊन आलेल्या गोऱ्या मुलीला आपण "वाटत नाहीस हं तू" म्हणालात. तिने आभार मानावेत अशी आपली अपेक्षा असावी, कारण आपण थोडं थांबलात. त्याच आठवड्यात "कोकणस्थ असून अशी कशी गं?" हे दुसरीला विचारून झालं. म्हणजे एकीच्या रंगावरून तिच्या सगळ्या माणसांचा अपमान आणि दुसरीच्या माणसांवरून तिच्या रंगाचा. दोघी एकाच बाकावर बसतात. पालकसभेला उसाच्या फडावरून थेट आलेल्या एका बापाकडे पाहून आपण त्याच्या मुलाला म्हणालात, "वडिलांवर गेलास." आयुष्यभर उन्हात उभं राहून ज्याने पोराची फी भरली, त्याच्यावर जाणं ही खरं तर मिरवायची गोष्ट. पण आपल्या स्वरात काय होतं, ते त्या दोघांनाही बरोबर कळलं. ऊन जिथे प्रखर तिथे कातडीत मेलॅनिन जास्त. ते अंगातलं फोलेट वाचवतं आणि गर्भाच्या वाढीला फोलेट लागतं, हे जीवशास्त्राच्या कुणालाही विचारा. आपण गेल्या सप्ताहात त्यांच्याच विभागात प्रमुख पाहुणे होतात.

इतिहास हा आपला विषय, म्हणून आणखी एक. मलिक अंबरवरचं आपलं व्याख्यान मला आवडतं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कारभारी होतो, मुघलांना गनिमी काव्याने हैराण करतो, १६१० साली खडकी वसवतो, तिला नहरींचं पाणी देतो, १६२४ साली भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढतात. आपण हे सांगता तेव्हा अंगावर काटा येतो. त्याच सभागृहाबाहेर टांझानिया आणि सुदानमधून आलेली मुलं उभी होती, प्रवेशाच्या कागदांवर सही घ्यायला. आपण शिपायाला म्हणालात, "त्या हबश्यांना उद्या यायला सांग." त्यांना मराठी येत नाही, असं आपल्याला वाटतं. शिव्या माणूस सर्वांत आधी शिकतो, सर. खोली भाड्यानं मिळत नाही, रिक्षा थांबत नाही, दुकानदार आधी पैसे मागतो, आणि मग महाविद्यालयात येऊन हे. चारशे वर्षांपूर्वी मेला असेल तरच आफ्रिकी माणूस आपल्याला थोर वाटतो, एवढाच यातून अर्थ काढायचा का?

क्रीमच्या कंपन्यांनाही आपण मागे टाकलंत, हे मात्र मान्य करायला हवं. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. सावळी मुलगी आधी रडकी, मग ट्यूब, मग नोकरी, अशा जाहिराती कैक वर्षं चालल्या. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेनं सांगितलं, की सावळा माणूस दुःखी, नाकारलेला किंवा अनाकर्षक असा दाखवायचा नाही. २०२० साली त्या क्रीमच्या नावातलं 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. लग्न जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. ट्यूबमध्ये फार काही बदललं असं नाही, पण बाजाराला निदान लाजल्याचं सोंग तरी करावं लागलं. आपल्यावर ती पाळी आली नाही. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी काढलेला फोटो डीटीपीवाल्याकडून दोनदा उजळून घेतलात आणि त्यात सगळी मुलं, झाडं आणि ग्रंथालयाची भिंत एकाच रंगाची झाली. आपण खूश होतात. पुस्तिकेतली एक मुलगी स्वतःला ओळखू शकली नाही. ती पूर्वी निवेदन करायची, हल्ली रजिस्ट्रेशनला बसते.

आपल्या सल्ल्याचं पुढे काय होतं, तेही कळवते. मुलगी औषधांच्या दुकानात जाते आणि मैत्रिणीने सांगितलेलं मलम मागते. त्यात अनेकदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड असतं. वांगासारख्या तक्रारीवर डॉक्टर ते थोडे आठवडे, लक्ष ठेवून देतात. २०१८ साली सरकारने अशी कितीतरी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातात. पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळतो आणि "अगं, काय लावतेस?" असं सगळे विचारतात, आपणही विचारलंत, मी तिथे होते. मग कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या येतात, नको तिथे लव वाढते. मलम थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. मग चेहऱ्यावर स्कार्फ. शहरात स्कार्फ उन्हासाठी बांधतात, असा सर्वांचा समज असल्यामुळे तोही कुणाला दिसत नाही. बेनामी डब्यांची कथा याहून वाईट. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती : एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली आणि मुंबईत केईएमच्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा ब्यूटिशियनकडून घेतलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. आपण तर फक्त कुर्त्याच्या रंगाबद्दल बोलला होतात, हे मला मान्य आहे.

कायद्याची भीती बाळगू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती केली आणि रंग किंवा दिसणं यावरून कुणाला छळणं, वेगळं पाडणं हेही रॅगिंगमध्ये आलं. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी तसं प्रतिज्ञापत्र भरतो. पण रॅगिंग करतो तो विद्यार्थी, अशीच त्या नियमांची धाटणी आहे. आपण विद्यार्थी नसल्यानं सुटलात. शिवाय आपण स्वतःच रॅगिंगविरोधी समितीचे सदस्य आहात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. आपल्याकडे पहिलं प्रशिक्षण झालं. आभारप्रदर्शन आपण केलंत आणि पाहुण्या बाईंना म्हणालात, "मॅडम, आपण इतक्या उजळ व्यक्तिमत्त्वाच्या, की मुलांचं नैराश्य बघूनच पळेल." सभागृह हसलं. मीही टाळी वाजवली, हात वर आलेच होते म्हणून.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्यांच्या कारणांचा तक्ता छापतो. त्यात परीक्षेतलं अपयश आहे, प्रेमप्रकरण आहे, बेरोजगारी आहे, सामाजिक प्रतिष्ठेला धक्का आहे. रंगाचा रकाना नाही. कुणी त्यापायी जीव दिला असेल, तर तो 'इतर' किंवा 'अज्ञात' मध्ये गेला असेल. म्हणजे तिथेही आपलं नाव येत नाही.

आणि "शिकून मोठं व्हावं, मग कोण विचारतंय रंग" हे आपलं आवडतं समुपदेशन. केरळच्या तेव्हाच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की त्यांच्या आधी त्याच पदावर त्यांचे पती होते आणि कुणीतरी दोघांच्या कारकिर्दीची तुलना काळ्या-पांढऱ्या रंगात केली. चार वर्षांच्या असताना आईला त्यांनी विचारलं होतं, मला पुन्हा पोटात घालून गोरी करून बाहेर काढशील का? राज्यातलं सर्वांत मोठं प्रशासकीय पद मिळवूनही ज्यांना हे ऐकावं लागलं, त्यांच्यापेक्षा आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने नेमकं किती मोठं व्हायचं, तो आकडा आपण कळवावा. वेळापत्रकात बसवून घेऊ.

आपला स्वतःचा वर्ण कसा आहे, ते मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. माणसाच्या रंगाचा त्याच्या कामाशी संबंध जोडू नये, हे आपल्या दोघांपैकी निदान एकाने तरी पाळावं म्हणून.

स्नेहसंमेलनाच्या निवडचाचण्या येत्या गुरुवारी आहेत. निवेदकांची निवड यंदा पडद्यामागून, नुसत्या आवाजावर करावी, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला असून तो मंजूर झाला आहे. आपल्याला हे परिपत्रकातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, इतका स्नेह आपल्यात आहे. फाटकापाशी उभं राहायला यंदा हजेरीपटावरच्या पहिल्या मुली येतील, हे मात्र अजून विचाराधीन आहे. आपला विरोध लेखी द्यावा, आणि त्यात कारण लिहावं. ते कारण वाचायला मी फार उत्सुक आहे.

कळावे,
आपली,
समुपदेशन कक्ष, जिन्याखाली

प्रत माहितीसाठी : प्राचार्य, रॅगिंगविरोधी समिती (आपल्यालाच).

ता. क. : खरेदी समितीची सदस्य म्हणून कळवते, की "फाउंडेशन, सर्वांत फिकी छटा, एक डझन" हे आपलं मागणीपत्र परत पाठवलं आहे. कलाकार चौदा आहेत. प्रत्येकीला विचारून छटा लिहाव्यात आणि मागणीपत्र दोन प्रतींत द्यावं.